चिंचोक्याची खळ

मी, ज्ञानदा गोपाळ मैंदर्गीकर, वय अडुसष्ट वर्षे, धंदा पूर्वी मराठीची प्राध्यापक, नंतर सामाजिक उद्योजक, आता काही नाही, राहणार रेल्वे लाइन्स, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे लिहिता येत नाही. स्वादुपिंडाचा आजार यकृतात उतरला आहे आणि डॉक्टर दिवाळीबद्दल बोलायचे टाळतात. माझ्यावर कोणाचा दाब नाही. घाई मात्र आहे.

माझे वडील इथल्या कोर्टात नकलनवीस होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांच्या नकला केल्या. ते म्हणत, मृत्युपत्रात विशेषण आले की वाद आलाच. मी विशेषणे टाळणार आहे. कारण मात्र टाळणार नाही. या कागदामागे एकच कारण आहे आणि ते आधीच सांगते.

नातेपुत्याच्या चिमाबाई घोंगडीला चिंचोक्याची खळ देत असत. सात वर्षांपूर्वी त्यांनी ते सोडले. तशी खळ आमच्याकडे दुसऱ्या कोणाला येत नाही. त्यांचे वय चौऱ्याहत्तर आहे. त्यांनी ती कोणाला तरी शिकवावी, एवढेच मला हवे आहे. बाकी सगळी मालमत्तेची विल्हेवाट आहे.

२०१७ साली केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सर्व काही मी काढलेल्या संस्थेला दिले होते. संस्था म्हणजे मीच होते, हे तेव्हा लक्षात आले नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, माझा भाचा अनिमेष याला द्यावे. घर माझ्या आईचे होते आणि तो तिचा एकुलता नातू आहे. यापेक्षा वेगळे कारण शोधू नये.

कलम २. मला मिळालेली सन्मानचिन्हे, संख्येने एकवीस, हीही अनिमेषला. तो पुण्यात तरुणांना चेंजमेकर कसे व्हावे हे शिकवतो. त्याच्या वर्गात ती शोभतील. सोबत माझे एक भाषण आहे, 'परिणामकारक बदल कोण घडवतो'. ते मी चाळीसेक ठिकाणी दिले. त्यात मी तीन गोष्टी सांगत असे. आधी ऐका. मग टिका. शेवटी तुमच्यावाचून चालेल असे करून निघून जा. लोक लिहून घेत. भाषण अनिमेषने जरूर वापरावे. अट एवढीच की त्याला या मृत्युपत्राचे कलम ५ शेवटचे पान म्हणून जोडावे आणि ते मोठ्याने वाचावे. तसे करायचे नसेल तर भाषण जाळावे.

आमच्या वार्षिक अहवालात त्याने एक तक्ता घातला होता. त्यात चिमाबाईंच्या नावापुढे 'समाधानी' असे लिहिलेले आहे. ते त्याने माझ्या सांगण्यावरून लिहिले. त्याच्याकडे दोष जात नाही.

कलम ३. पुस्तके मैंदर्गीच्या मुलींच्या शाळेला. समासातल्या माझ्या टिपा कोणी वाचू नयेत. त्या काळी मला सगळे कळत होते.

कलम ४. नातेपुत्याच्या माळावरची अकरा गुंठे जागा, तिच्यावरची पत्र्याची शेड, सहा खड्डामाग, चरखे आणि विहिरीतला हिस्सा. ही मिळकत संस्थेच्या मालकीची नाही. ती मी माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून, माझ्या नावावर घेतली. संस्थेच्या विश्वस्तांनी मार्चमध्ये ठराव केला आहे की तिथले घोंगडी विणण्याचे केंद्र वर्षाअखेर बंद करावे आणि शेड गोदामासाठी भाड्याने द्यावी. त्यांना तो अधिकार नाही. मला हे त्यांना समोर सांगायचे होते, पण त्या बैठकीला मी दवाखान्यात होते.

ही सर्व मिळकत मी चिमाबाई ज्ञानबा यांना देते. अट काही नाही. त्यांनी खळ शिकवली तरी शेड त्यांची, न शिकवली तरी त्यांची, विकली तरी त्यांची. त्यांनी घ्यायचे नाकारले तर त्यांची सून दिपाली आणि तिच्यासोबत आज काम करणाऱ्या आठ जणी, यांना समान. यास कोणाचीही हरकत चालणार नाही.

अट घालावी असे मला फार वाटले. चार वेळा लिहून खोडले. शिकवाल तर मिळेल, असे. ही माझी जुनी सवय आहे.

खळ म्हणजे काय हे माहीत नसणाऱ्यांसाठी, विशेषतः विश्वस्तांसाठी, लिहिते. चिंचोके भाजायचे, फोलपटे काढायची, भिजवून वाटायचे आणि काहिलीत शिजवायचे. ती लापशी विणलेल्या घोंगडीवर कुंच्याने घोळवून उन्हात ताणून वाळवायची. सूत आवळते, भोके बुजतात. मेंढपाळ अशी घोंगडी डोक्यावरून घेऊन पावसात उभा राहतो आणि पाणी वरून ओघळून जाते. खळ काहिलीतून केव्हा उतरवायची हे चिमाबाई अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तार धरून पाहत. उकळत्या खळीत, चाळीस वर्षे. त्यांच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत. रेशन दुकानातले यंत्र त्यांना ओळखत नाही. त्या म्हणत, "मशिनीला म्हनावं, मी हाय की हितंच."

दिपालीने तीन वेळा करून पाहिली. पहिली तडकली, दुसरीला बुरशी आली, तिसरी कसरीने खाल्ली. बाहेरून दोन जाणते आणले. त्यांची खळ त्यांच्याकडच्या लोकरीची होती. आमच्या भागातल्या आखूड, राठ लोकरीला ती धरली नाही. मेंढपाळांनी आमच्याकडून घोंगडी घेणे केव्हाच सोडले आहे. शहरातले लोक एक हिवाळा घेतात आणि दुसरे काही शोधतात. केंद्रात बेचाळीस बायका होत्या. नऊ उरल्या.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. गुरुशांत हत्तुरे, माझे शेजारी, कोर्टातून निवृत्त झालेले आणि सुरुवातीची वर्षे माझ्या वडिलांच्या हाताखाली काढलेले, म्हणतात की असे कलम मृत्युपत्रात बसत नाही. बसवावे.

२०१६ च्या जानेवारीत एका मोठ्या निधीचे चार पाहुणे नातेपुत्याला आले. त्यांना मराठी येत नव्हते, चिमाबाईंना इंग्रजी येत नव्हते. मध्ये मी होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी घोंगडी गालाला लावली आणि बाजूला धरली. टोचते, म्हणाल्या. आणि हा वास कसला? मी काहील दाखवली. त्या म्हणाल्या, ही पायरी वगळता आली तर ही वस्तू जगात कुठेही जाईल. कारागीर तयार होतील का, ते विचारा.

मी विचारले. चिमाबाई काहिलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता सांगितले, "खळ काढली तर पानी आत येनार. मग ती पांघरायची कुनी? तुमी?"

मी पाहुण्यांना सांगितले की बाई म्हणतात, त्या नवीन शिकायला तयार आहेत.

पाहुणे हसले. एकाने टाळी वाजवली. चिमाबाईंनी मला विचारले, "हसले का?"

मी म्हणाले, तुमचे म्हणणे त्यांना पटले.

दोन्ही वाक्ये मी बोलले. दोन्ही खोटी होती. मी बावीस वर्षे भाषा शिकवली होती. मला त्या क्षणी वाटले होते की मी बेचाळीस घरांसाठी बोलते आहे. हे समर्थन म्हणून लिहीत नाही. नोंद म्हणून लिहिते.

महिन्याभराने निधी आला. लोकर सोड्याने धुऊन तिचे तेल काढले, वीण सैल केली, खळ बंद केली. चूल फोडून तिथे फोटो काढण्यासाठी पांढरी भिंत बांधली. चिमाबाई त्या दिवशी नेहमीप्रमाणे चिंचोक्यांचे पोते घेऊन आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "त्यास्नी पटलं हुतं न्हवं?"

मी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही. बरेच लांब होते. ते ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं बोलनं लई ग्वाड. त्यालाच लावा खळ." आणि पोते उचलून गेल्या. पुढे त्या घरी, मागच्या अंगणात, मागेल त्याला खळ देत राहिल्या. माझ्या शेडमध्ये आल्या नाहीत.

कलम ६. माझ्या सोलापूरच्या कार्यालयातल्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक काळी घोंगडी आहे. खाली पितळी पट्टीवर 'वारसा' असे कोरले आहे. ती माझी नाही. ती चिमाबाईंचे पती ज्ञानबा यांची आहे. ती त्यांच्या घरी परत द्यावी. पट्टी काढून टाकावी.

ती माझ्याकडे कशी आली ते असे. २०१७ मध्ये आम्ही नातेपुत्यात कार्यक्रम घेतला. वीस मेंढपाळांनी जुनी घोंगडी द्यायची आणि आमची नवी, मऊ, घ्यायची. मंडप होता, फोटो काढणारा होता. ज्ञानबा मेंढरे राखत. भिडस्त माणूस. त्यांची घोंगडी वीस वर्षांची होती, चिमाबाईंच्या हातची. ती काढून द्यायला त्यांना वेळ लागला. मी माइकवर म्हणाले, ज्ञानबा, तुमची घोंगडी आता सोलापुरात काचेत राहणार.

ते म्हणाले, "घोंगडी काचंत, अन् मी पावसात?"

सगळा मंडप हसला. मीही हसले. ते स्वतःही हसले आणि त्यांनी ती दिली. चार लोकांत नाही म्हणता आले नाही. चिमाबाई कार्यक्रमाला नव्हत्या. घरी गेल्यावर त्यांनी दुसरी करायला घेतली होती असे दिपाली सांगते. लोकर कातून झाली होती. तेवढ्यात कळप कोकणात उतरायची वेळ झाली.

२०१८ च्या फेब्रुवारीत घाटाखाली तीन दिवस अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या. ज्ञानबा उघड्यावर होते. सोबतच्यांनी सांगितले की ते आमची नवी घोंगडी पिळायचे, अंगावर घ्यायचे आणि पुन्हा पिळायचे. तिसऱ्या दिवशी ती पिळायचीही ताकद राहिली नाही, तशीच ओली अंगावर होती. छातीत कफ झाला. दवाखान्यात चौथ्या दिवशी गेले. डॉक्टरांनी वय आणि बिडी अशी कारणे लिहिली. ती खरीही असतील.

दहाव्याला मी गेले होते. चिमाबाईंनी मला चहा दिला. मग चुलीपाशी जाऊन खळीचा कुंचा आत घातला आणि तो पूर्ण जळेपर्यंत तिथेच बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी खळ केली नाही. अंगणातही नाही. मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर हे मृत्युपत्र लहान झाले असते.

मी त्यांच्याकडे गेल्या दोन वर्षांत अकरा वेळा गेले. शेवटच्या दोन खेपांना दिपालीने मला धरून गाडीतून उतरवले. दर वेळी चहा. दर वेळी मी विचारायची, त्या म्हणायच्या, "बघू की." मी हात जोडले. एकदा पायाला हात लावायला वाकले आणि मला उठता येईना. त्यांनी उठवले. म्हणाल्या, "तुमी आदी बऱ्या व्हा." मी बरी होणार नाही हे त्यांना माहीत होते. कलम ५ मधले मी अकरापैकी एकाही वेळी सांगितले नाही. धीर झाला नाही. मेल्यावर कोणीतरी वाचून दाखवेल, अशा बेताने हे लिहायला घेतले.

कलम ७. बँकेत जी शिल्लक राहील तीतून शेडचे वीजबिल भरावे आणि दर उन्हाळ्यात चिंचोके घ्यावेत. खळ होत नसली तरी घ्यावेत. पोती कोरड्या जागी ठेवावीत.

कलम ८. माझी शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर 'प्रेरणास्थान' हा शब्द वापरू नये. माझ्या देहावर केंद्रातली घोंगडी घालू नये. साधी चादर पुरेल.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिपाली हिने करावी. तिला कागदपत्रांत गुरुशांत मदत करतील. तिने तीन वेळा खळ बिघडवली आणि चौथ्यांदा करायला तयार आहे. मी भाषणात जे सांगत असे त्यातले बरेचसे तिला न सांगता येते.

पुरवणी. वरील मजकूर आज दुपारी पुरा झाला. सह्या होण्यापूर्वी पुढील मजकूर त्याच दिवशी माझ्या हस्ताक्षरात जोडत आहे.

कलम ४ ऐकून घ्यायला मी चिमाबाईंना दिपालीबरोबर बोलावले होते. बाकीचे वाचायचे नव्हते. साक्षीदार म्हणून गुरुशांत आणि खालच्या औषधाच्या दुकानातले महेश्वर यायचे होते. महेश्वरना उशीर झाला. गुरुशांतनी वाचायला घेतले. कलम ४ संपल्यावर मी हात वर केला. चिमाबाई म्हणाल्या, "फुडं हाय की अजून." गुरुशांतनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना थांबवले नाही. थांबवायचे होते, पण तेही एक भाषांतरच झाले असते.

त्यांनी कलम ५ वाचले. मी चिमाबाईंकडे पाहत होते. त्या स्वतःच्या चपलांकडे पाहत होत्या. वाचून झाले. मग त्या म्हणाल्या, "मला तवाच कळलं हुतं. पानी आत येनार म्हनल्यावर मानूस असं हसत न्हाय."

मी विचारले, मग बोलला का नाहीत.

"तुमच्या शेडवर बेचाळीस चुली पेटत हुत्या. म्हनलं, जाऊ दे."

एवढे सांगायला मी नऊ वर्षे थांबले होते. त्यांना माहीत होते. मी ज्या बेचाळीस घरांचे नाव स्वतःला सांगत होते, ती त्यांनी गप्प राहून सांभाळली होती आणि मी त्यावर सन्मानचिन्हे घेतली. हे भाषणात कुठे घालायचे ते अनिमेषने ठरवावे.

नंतर गुरुशांतनी त्यांना समजावले की शेड त्यांच्या नावे होणार आहे. त्या नको म्हणाल्या. मी आग्रह केला. रडले, हे लिहायला हरकत नाही. गुरुशांत म्हणाले, मावशी, आज काही बोलू नका, फक्त ऐकून ठेवा. साक्षीला महेश्वर येतील. ज्याला मिळणार असते त्याने साक्षीला राहू नये, उद्या कोणी कोर्टात गेले तर पहिले बोट तिथेच ठेवतात.

चिमाबाईंनी विचारले, "म्हंजी घेनाऱ्यानं अंगठा द्यायचा न्हाय?"

"नाही."

"मग आना ती शाई."

चिमाबाईंना शेड नाकारायची होती आणि माझ्या कागदावर उभेही राहायचे होते. दोन्ही एका अंगठ्यात कसे करायचे ते त्यांनी शोधून काढले. त्यामुळे कलम ४ मधली दुसरी तजवीज लागू होईल. शेड दिपाली आणि आठ जणींची. महेश्वर आता आले आहेत, त्यांना चहा देऊन परत पाठवत आहोत.

कलम ६ ची अंमलबजावणी माझ्या हयातीतच झाली. चिमाबाईंनी ते कलम ऐकल्यावर, "आत्ताच द्या की," असे म्हटले. चौकट कार्यालयातून आणवली. गुरुशांतनी पाचरीने काच सोडवली. चिमाबाईंनी घोंगडी मांडीवर घेतली, नाकाशी नेली, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तिचा काठ चोळला. बोटांवर थोडी पांढरी भुकटी आली. त्या म्हणाल्या, "मेली हिच्यातली खळ. नवी द्याय लागंल."

दिपाली माझ्या खाटेशी उभी होती.

थोड्या वेळाने चिमाबाईंनी घोंगडीची घडी घालता घालता तिला विचारले, "चिंचोकं हायती का घरात?"

"न्हाईत, आत्या."

"मग जाताना बाजारातनं घे. जुनं देत्यात, फोडून बघ. अन् कुंचा बांदाय लागंल. तो काय मी बांदत न्हाय. तू बांद, मी बघते."

याला मी होकार धरत नाही. एका घोंगडीची खळ म्हणजे शिकवणे नव्हे. त्या उद्या मन बदलू शकतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण वडील म्हणत, जे कागदावर नाही ते झालेच नाही. म्हणून त्यांचे शब्द इथे जसे बोलले गेले तसे उतरवले आहेत. या वेळी मी त्यांत काही बदल केलेला नाही.

मी लिहीत असताना त्या समोर बसल्या आहेत. घोंगडी मांडीवर आहे. डाव्या हाताने उजवा अंगठा पुसून तयार ठेवला आहे. नातेपुत्याची गाडी साडेचारची आहे. त्या म्हणतात, "बाई, आटपा. लई लिवलं."

आटपते.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले.

स्थळ: सोलापूर
दिनांक: २१ जुलै २०२५

सही
ज्ञानदा गोपाळ मैंदर्गीकर

साक्षीदार
१. गुरुशांत बसवण्णा हत्तुरे, रेल्वे लाइन्स, सोलापूर (सही)
२. चिमाबाई ज्ञानबा, राहणार नातेपुते, तालुका माळशिरस (डाव्या हाताचा नियम सांगितला असता उजव्याचाच देणार म्हणाल्या. निशाणी उजव्या अंगठ्याची. तीन वेळा घेतली, रेषा उमटल्या नाहीत. नुसता काळा ठसा आहे. अंगठा त्यांचाच आहे व त्या जातीने हजर होत्या, हे मी समक्ष पाहिले. गु. ब. हत्तुरे)